तुझ्या गाठीचं खरं माप

अगं, तीन कागद पुढ्यात पसरून बसलीस आणि एकच विचारतेस, ताई, यातला खरा आकडा कोणता? सोनोग्राफीत २१ मिलिमीटर आलंय, मॅमोग्राफीत २६ लिहिलंय आणि ओपीडीत डॉक्टरांनी हाताने चाचपून केसपेपरवर ३ सेंटिमीटर टाकलंय. सासूबाईंच्या लेखी ती सुपारीएवढी आहे. तुला वाटतंय, कुणीतरी चुकलंय. नाहीतर मधल्या दिवसांत गाठ भराभर वाढत चाललीय. तसं काही नाही. प्रत्येकाने वेगळी गोष्ट मोजलीय. आणि ज्या आकड्यावरून तुझी पक्की स्टेज लिहिली जाईल, तो आकडा अजून कुणी काढलेलाच नाही. तो ऑपरेशननंतर येईल. पॅथॉलॉजीच्या टेबलाशी पट्टी, सुरी आणि मायक्रोस्कोप घेऊन बसलेलं एक माणूस तो काढेल.

मी सगळी नोकरी त्याच टेबलाशी केली, म्हणून तुला आत्ताच सांगून ठेवते. तो आकडा नीट यावा म्हणून जे करायचं, ते बरंचसं ऑपरेशनच्या आधी आणि त्याच दिवशी करायचं असतं. एकदा तो तुकडा वेडावाकडा कापला गेला किंवा बाटलीत नासला, की मग कितीही मोठा तज्ज्ञ आणलास तरी माप परत घेता येत नाही.

आधी या तीन आकड्यांची भीती काढून टाकू. हाताने चाचपताना बोटांना गाठीबरोबर वरची कातडी, चरबी, आजूबाजूची सूजही लागते, म्हणून हाताचं माप बहुधा मोठं येतं. मॅमोग्राफीत स्तन दोन पट्ट्यांमध्ये दाबून चपटा करतात, आणि गाठीला काटेरी टोकं असली तर मोजायचं कुठपर्यंत, हे ज्याच्या त्याच्या नजरेवर राहतं. सोनोग्राफी पुष्कळदा थोडं कमीच दाखवते. एमआरआय काढलास तर तो कधी कधी जास्त सांगेल. यातलं काहीच वाया जात नाही. ऑपरेशन आधी करायचं की केमो आधी, हे याच मापांवरून ठरतं. त्याला म्हणतात क्लिनिकल स्टेज. ऑपरेशननंतर लॅब जी लिहिते ती पॅथॉलॉजिकल. तुझ्या रिपोर्टवर ‘टी’च्या, म्हणजे गाठीच्या आकाराच्या पायरीच्या, आधी एक छोटं अक्षर असेल, ते बघायला शीक. ‘सी’ असेल तर तपासणीवरून काढलेलं, ‘पी’ असेल तर प्रत्यक्ष तुकडा मोजून काढलेलं, आणि ‘वायपी’ असेल तर केमोनंतर उरलेल्या गाठीचं. दोन बायका मेट्रोत शेजारी बसून ‘तुझी टी दोन, माझी टी एक’ असं ताडून बघतात, पण एकीची ‘सी’ आणि दुसरीची ‘वायपी’ असते. त्या तुलनेला काही अर्थ नसतो आणि एकीची झोप मात्र उडते.

आता मिलिमीटरचं एवढं काय, ते सांगते. गाठ २० मिलिमीटरपर्यंत असली की टी १. त्याच्या पुढे ५० पर्यंत टी २. पन्नासच्या पुढे टी ३. कातडीला फोडून बाहेर आली किंवा छातीच्या भिंतीत घुसली, तर आकार कितीही असो, टी ४. टी १च्याही आत पायऱ्या आहेत: १ मिलिमीटरपर्यंत, मग ५, मग १०, मग २०. ही पद्धत पिएर दनुआ नावाच्या फ्रेंच सर्जनने १९४३ ते १९५२ या काळात मांडली. तिच्यात सुधारणा होत होत आज ती जगभर चालते. अमेरिकेतली आठवी आवृत्ती २०१८ पासून लागू आहे. म्हणजे २० आणि २१ या दोन आकड्यांच्या मध्ये कागदावर एक रेघ आहे. तुझ्या शरीराला त्या रेघेचा पत्ता नाही, हे खरं. पण औषधाचा, केमोचा, पुढच्या तपासण्यांचा विचार करताना डॉक्टर त्या रेघेकडे बघतात.

आणखी एक उदाहरण देते, कारण तू हिशेबाची माणूस आहेस. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या डॉक्टरांनी १९८०च्या दशकात एक सोपं गणित बसवलं. गाठीच्या सेंटिमीटरला ०.२ ने गुणायचं, त्यात ग्रेडचा, म्हणजे पेशी किती बिघडलेल्या दिसतात त्याचा, आकडा मिळवायचा, आणि काखेतल्या लिम्फ नोड्सची पायरी मिळवायची. नोडमध्ये काही नसेल तर ती पायरी १. बेरीज ३.४ किंवा त्याच्या आत असली तर चांगला गट, वर गेली तर मधला. आता समज ग्रेड २ आहे आणि नोड स्वच्छ आहेत. गाठ १.९ सेंटिमीटर असेल तर ०.३८ अधिक २ अधिक १, म्हणजे ३.३८. चांगला गट. तीच गाठ कुणी २.३ लिहिली तर ३.४६. मधला गट. चार मिलिमीटरने बाईचा गट बदलला. हे गणित जुनं आहे, आज औषधं एकट्या त्याच्यावर ठरत नाहीत, पण पट्टी कुठे टेकवली याला केवढी किंमत असते ते यावरून तुला कळेल. आणि हेही लक्षात ठेव की आडवं माप दुप्पट झालं की आतला ऐवज आठपट होतो. एक सेंटिमीटरची गाठ आणि दोन सेंटिमीटरची गाठ यांत नुसता एकाचा फरक नसतो.

तुझी सुईने बायॉप्सी आधी झाली, हे फार उत्तम झालं. आपल्याकडे अजूनही कितीतरी छोट्या नर्सिंग होममध्ये ‘गाठ आहे ना, काढून टाकू’ असं म्हणून थेट चाकू लावतात. गाठ दोन-तीन तुकड्यांत बाहेर येते, कुठली बाजू वरची, कुठली खालची, काही ठाऊक नसतं. मग रिपोर्ट येतो कॅन्सरचा, आणि पॅथॉलॉजिस्टपुढे असतात वाटीभर तुकडे. तुकड्यांची बेरीज करून गाठीचं माप येत नसतं, कडा स्वच्छ होत्या की नाही तेही कळत नाही. त्या बाईला पुन्हा टेबलावर जावं लागतं. मला या पद्धतीचा मनापासून राग आहे. सोलापूरला, लातूरला, आपल्या कुणाच्याही माहेरी कुणाला गाठ लागली आणि डॉक्टर म्हणाले ‘उद्याच काढू’, तर तू फोनवरून एवढंच सांग, की आधी सुईची कोअर बायॉप्सी करा, मग काढा.

हो, आणि सुईने बायॉप्सी केल्यामुळे कॅन्सर पसरतो, असं तुझ्या जावेने सांगितलंय ना? ते मनातून काढून टाक. सुईने होतं ते एवढंच, की गाठ अगदी लहान असली तर तिचा बराचसा भाग सुईतच निघून येतो आणि ऑपरेशनच्या तुकड्यात थोडीशीच उरते. अशा वेळी सुईतून निघालेल्या धाग्यासारख्या तुकड्याची लांबी आणि उरलेल्या गाठीची लांबी यांची बेरीज करायची नसते. तपासणीतलं माप आणि दोन्ही स्लाइड्स शेजारी ठेवून विचार करायचा असतो. म्हणून बायॉप्सीचा रिपोर्ट, सोनोग्राफी आणि मॅमोग्राफी, तिन्हींच्या झेरॉक्स ऑपरेशनच्या वेळी तुकड्याबरोबर लॅबला गेल्या पाहिजेत. आमच्याकडे यायचे ते फॉर्म बघून जीव तुटायचा. नाव, वय, ‘ब्रेस्ट लम्प’, संपलं. उजवा की डावा, घड्याळाच्या किती वाजताच्या जागी, आधी केमो झाली का, एक अक्षर नाही. मग पॅथॉलॉजिस्टने शोधायचं तरी कुठे?

तुझ्या बाबतीत डॉक्टर केमो आधी द्यायचं म्हणाले, तर घाबरू नकोस. गाठ फार मोठी आहे म्हणूनच ते तसं म्हणतात, असं नाही. हर-टू पॉझिटिव्ह किंवा ईआर, पीआर, हर-टू हे तिन्ही रिसेप्टर निगेटिव्ह असलेल्या गाठींत, दोन सेंटिमीटरच्या पुढे किंवा नोडमध्ये शिरलेली असली, तर आज बहुतेक ठिकाणी केमो आधी देतात. पण मग एक प्रश्न नक्की विचार: गाठीत क्लिप टाकणार का? बारीकशी धातूची खूण असते ती. केमोने गाठ विरघळून गेली, आणि देव करो तसंच होवो, तर सर्जनला आणि पॅथॉलॉजिस्टला जागा सापडायची कशी? खूण नसेल तर अख्ख्या तुकड्यात ‘इथे होती बहुतेक’ असं म्हणत हुडकत बसावं लागतं. क्लिप असेल तर तुकड्याचा एक्स-रे काढून थेट तिथे जाता येतं. केमोनंतर जो पांढरा वणासारखा भाग उरतो, तो गाठ म्हणून मोजायचा नसतो. त्यात जिवंत कॅन्सरच्या पेशींचा जो सर्वांत मोठा सलग पट्टा असेल तोच ‘वायपीटी’चा आकार. इकडेतिकडे चार बेटं उरली असतील तर त्यांची बेरीज नाही करायची. आणि स्तनातही नाही, नोडमध्येही नाही, कुठेच शिरकाव करणारा कॅन्सर उरला नसेल, तर त्याच्यासारखी आनंदाची बातमी आमच्या टेबलावर दुसरी नसते.

आता ऑपरेशनचा दिवस. मोठ्या हॉस्पिटलात तुकडा आतल्या आत लॅबला जातो. पण पुष्कळ खासगी ठिकाणी काय होतं, तुला माहीत आहे? बाहेर ताटकळत बसलेल्या नवऱ्याच्या हातात बरणी देतात आणि म्हणतात, अमक्या लॅबला नेऊन द्या. त्या बिचाऱ्याला आत काय आहे, घाई किती आहे, कशाचीच कल्पना नसते. तो आधी बायको शुद्धीवर येण्याची वाट बघतो, मग चहा घेतो, मग निघतो. तुझ्या नवऱ्याला आत्ताच समजावून ठेव. तुकडा शरीरातून बाहेर आल्यापासून तासाभरात फॉर्मलिनमध्ये गेला पाहिजे. सलाइनमध्ये नाही, स्पिरिटमध्ये नाही, नुसता पिशवीत गुंडाळून तर नाहीच. दहा टक्क्यांचं बफर केलेलं फॉर्मलिन, आणि तेही तुकड्याच्या दहापट, बुडेल असं. बरणी रुंद तोंडाची हवी. अरुंद बाटलीत कोंबलेला तुकडा फॉर्मलिनमध्ये कडक होतो आणि बाटलीचाच आकार घेऊन बाहेर येतो. त्यावर पट्टी ठेवून काय मोजायचं? झाकण त्याने उघडायचं नाही, फॉर्मलिन डोळ्यांना आणि श्वासाला वाईट. बरणीच्या अंगावर, झाकणावर नव्हे, तुझं नाव, बाजू, आणि तुकडा किती वाजता काढला आणि किती वाजता फॉर्मलिनमध्ये टाकला, या दोन वेळा लिहून घ्यायच्या.

या वेळांचा मापाशी थेट संबंध कमी आणि रिसेप्टरच्या तपासणीशी जास्त आहे, पण दोन्हींचं नशीब एकाच बरणीत असतं. ईआर, पीआर आणि हर-टू नीट कळायला तुकडा कमीत कमी ६ तास आणि जास्तीत जास्त ७२ तास फॉर्मलिनमध्ये असावा लागतो. फॉर्मलिन मुरतं ते सावकाश, तासाला साधारण मिलिमीटरभर. अख्खा स्तन काढलेला असेल आणि तो न कापता तसाच रात्रभर बरणीत राहिला, तर वरून छान कडक दिसतो आणि मधला भाग, जिथे गाठ असते, तोच खराब होतो. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी ऑपरेशन असेल तर विचारायला लाजू नकोस: शनिवार-रविवारी लॅबमध्ये तुकडा उघडून ठेवणारं कुणी असतं का?

पण उघडायचा तो पॅथॉलॉजिस्टने. सर्जन कधी कधी कुतूहलाने थिएटरमध्येच गाठ मधोमध चिरून बघतात. त्यांचा हेतू वाईट नसतो, पण एकदा चिरली की दोन्ही पाळ्या उलट्या वळतात, कड कुठली आणि चिरलेली बाजू कुठली हे मिसळून जातं. सर्जनने करायचं ते एवढंच, की दिशेची खूण म्हणून टाके घालायचे. बहुतेक ठिकाणी आखूड धागा वरच्या बाजूला आणि लांब धागा काखेच्या बाजूला असतो. ते फॉर्मवर लिहिलेलं असलं की काम झालं.

मग तो तुकडा आमच्याकडे येतो. याला ग्रॉसिंग म्हणतात, आणि माझ्या मते सगळा रिपोर्ट तिथेच ठरतो, मायक्रोस्कोपखाली नंतर त्याची फक्त साक्ष निघते. आधी वजन, मग धागे बघून दिशा, मग कडांना रंग. वरची बाजू एका रंगाने, खालची दुसऱ्या, आतली तिसऱ्या, म्हणजे पुढे स्लाइडवरसुद्धा कळावं की ही कुठली कड. मग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पाच-पाच मिलिमीटरचे काप. उकडलेला अळूवडीचा उंडा कापून ताटात ओळीने मांडतो ना, तसे ते काप क्रमाने मांडायचे. गाठ ज्या कापांत दिसते त्यांवर लांबी-रुंदी तर पट्टीने घेता येते, पण तिसरं माप, खोली, ते कापांच्या मोजणीतून निघतं: गाठ पाच कापांत दिसली, प्रत्येक काप पाच मिलिमीटरचा, म्हणजे त्या दिशेने साधारण २५. आता बघ, घाईत असलेल्या माणसाने एकाच कापावर पट्टी ठेवली, तिथे १८ आलं आणि १८ लिहून मोकळा झाला, तर आडव्या दिशेची पंचवीस मिलिमीटरची गाठ कागदावर अठराची होते. टी २ची टी १ झाली. चूक कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण रिपोर्ट दिसायला सुबक असतो.

कॅन्सरची गाठ बहुधा पांढुरकी-करडी, टणक, सुरीखाली करकरणारी लागते. पण डोळा आणि बोट दोघेही फसतात. बायॉप्सीच्या जागचं रक्त आणि वण गाठीसारखे दिसतात. म्हणून गाठीच्या मधला आणि मुख्य म्हणजे कडेचा भाग छोट्या प्लास्टिकच्या कॅसेटमध्ये घालतात, मेणात बसवून ब्लॉक करतात, आणि त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे पापुद्रे काढून स्लाइडवर घेतात. कॅसेट असते जेमतेम तीन सेंटिमीटर लांब. गाठ तिच्यात एका तुकड्यात मावली, तर माप स्लाइडवर मायक्रोस्कोपच्या मोजपट्टीनेच घ्यायचं, आणि ग्रॉसिंगच्या वेळी पट्टीने काही वेगळं आलेलं असलं तर स्लाइडचं खरं मानायचं. मोठी असली तर पट्टीचं माप घ्यायचं, पण दोन्ही टोकांच्या स्लाइड बघून ते पक्कं करायचं. स्वीडनमध्ये फालूनला टिबोर टोट नावाच्या पॅथॉलॉजिस्टने अख्खा कापच्या काप एका मोठ्या स्लाइडवर घेण्याची पद्धत चालवली, त्यात गाठ किती आणि कुठवर हे एका नजरेत दिसतं. आपल्याकडे ती सोय फार थोड्या ठिकाणी आहे, म्हणून कापांचा क्रम आणि नकाशा नीट ठेवणं हाच आपला उपाय.

आता इथे नीट लक्ष दे, कारण रिपोर्ट हातात आला की इथेच बायका हादरतात. दोन आकडे असू शकतात. एक इनव्हेझिव्ह, म्हणजे आजूबाजूला शिरकाव करणाऱ्या गाठीचा, समज १८. दुसरा त्याच्यासकट आजूबाजूच्या डीसीआयएसचा, समज ४२. डीसीआयएस म्हणजे दुधाच्या नळ्यांच्या आतच राहिलेल्या पेशी. नळीची भिंत त्यांनी ओलांडलेली नाही. स्टेजच्या ‘टी’साठी धरायचा तो फक्त पहिला आकडा, १८. दुसरा आकडा सर्जनला लागतो, सगळं निघालं की नाही, कडा मोकळ्या आहेत की नाही हे बघायला. तू ४२ वाचून रडत बसू नकोस. आणि उलटही सांगते: लॅबने दोन्ही एकत्र करून एकच मोठा आकडा दिला असेल, तर ‘यातलं इनव्हेझिव्ह किती?’ हे विचारलंच पाहिजे, नाहीतर गरजेपेक्षा जड उपचार पदरात पडू शकतात.

दोन वेगळ्या गाठी असल्या तरी बेरीज नाही. मोठीचं माप धरायचं आणि पुढे अनेक असल्याची खूण म्हणून ‘एम’ लिहायचं. मात्र दोन्हींच्या मधला भागही स्लाइडवर घेऊन बघावा लागतो. आतून जोडलेल्या निघाल्या तर ती एकच गाठ. आणि लोब्युलर नावाचा प्रकार असला तर सगळेच जपून असतात. त्याच्या पेशी एकीमागे एक रांगेने सरकत जातात, गोळा होऊन बसत नाहीत, त्यामुळे हाताला, सोनोग्राफीला आणि ग्रॉसिंगच्या बोटांनासुद्धा त्या पुरत्या सापडत नाहीत. अशा वेळी ऑपरेशननंतर आकडा मोठा आला, तर ‘मधल्या दिवसांत वाढली’ असं समजू नकोस. ती आधीपासूनच तेवढी होती, दिसत नव्हती इतकंच.

एक खोड मात्र आमच्या व्यवसायात जगभर आहे, आणि ती मला कधीच पटली नाही. मोठ्या नोंदी काढून बघितल्या की गाठींचे आकडे १०, १५, २०, २५ अशा ठिकाणी ढिगाने सापडतात. निसर्ग पाचाच्या पाढ्यात गाठी घडवत नाही. हात पट्टीवरच्या ठळक रेघेकडे ओढला जातो. आणि वीस हा आकडा तर नेमका टी १ आणि टी २च्या सीमेवर! तुझ्या रिपोर्टवर अगदी गुळगुळीत ‘२ सेंटिमीटर’ आलं, तर नम्रपणे विचार, स्लाइडवर मिलिमीटरमध्ये किती आहे? चांगला पॅथॉलॉजिस्ट रागावणार नाही. मला कुणी विचारलं असतं तर मी ब्लॉक पुन्हा काढून दाखवला असता.

शंका राहिलीच तर दुसरं मत घे. त्यात कुणाचा अपमान नाही. आपण दिल्लीत सरोजिनी नगरात राहतो, सफदरजंग आणि एम्स हाकेच्या अंतरावर. एम्सच्या बाहेर पदपथावर रात्र काढणारी माणसं बघतेस ना, ती कुठून कुठून येतात, त्यांच्या मानाने आपलं नशीब थोर. सफदरजंगच्या आवारातच आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, पॅथॉलॉजीची राष्ट्रीय संस्था चालवली. तिकडे मुंबईत १९४१ साली परळला टाटा मेमोरियल उघडलं, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळा डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या हाती होत्या. आपल्या देशात पॅथॉलॉजीला पाया घालून देणारा हा मराठी माणूस. बाहेरून आलेल्या रुग्णाची स्लाइड आणि ब्लॉक स्वतः पुन्हा बघितल्याशिवाय उपचार सुरू करायचे नाहीत, ही मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलांची रीतच आहे. म्हणून ब्लॉक मागून घेता येतात हे लक्षात ठेव. उन्हात, गाडीच्या डिकीत ठेवू नकोस, मेण वितळतं. स्लाइड एकमेकींवर रचू नकोस.

आणि इतकं सगळं सांगून मी हेही सांगते, की आकार म्हणजे सगळं नव्हे. ग्रेड, तिन्ही रिसेप्टर, काखेतले नोड, हे सगळं मिळून चित्र बनतं. स्टेजच्या नव्या आवृत्तीतही ग्रेड आणि रिसेप्टर धरले आहेत. पंधरा मिलिमीटरची एखादी गाठ तिखट निघते आणि तीस मिलिमीटरची एखादी गोळीने वर्षानुवर्षं ताब्यात राहते. पण आकाराचं एक वैशिष्ट्य आहे: त्यावर थोडाफार आपला हात चालतो. लवकर दाखवलं तर तो लहान असतो. मुंबईत टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी १९९८ पासून सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. ३५ ते ६४ वयाच्या. निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने स्तन तपासायच्या. मॅमोग्राफी नाही, काही नाही. २०२१मध्ये निकाल छापून आला. त्या वस्त्यांत कॅन्सर आधीच्या टप्प्यावर सापडत होता, आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले होते. शिकवलेल्या हातांनी एवढं केलं. भारतात २०२२ साली सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना हा आजार निघाला असा अंदाज आहे. त्यातल्या कितीजणी ‘दिवाळी होऊ दे’, ‘मुलीची दहावी होऊ दे’ म्हणत थांबल्या असतील, याचा विचार आला की मला झोप येत नाही. हळदीकुंकवाला जमतो तेव्हा साड्यांइतकंच हेही बोलायला हवं आपण.

शेवटचं, आणि हे तुझ्या घरच्यांच्या कानावर घाल. रिपोर्ट तुझा आहे. नवरा आणि दीर तो आधी वाचून पाकिटात घालून ठेवतील, ‘सगळं ठीक आहे’ म्हणतील. प्रेमाने करतात ते, मला कळतं. पण आकडा तुझ्या शरीराचा आहे आणि पुढच्या गोळ्या, रेडिएशनचे शेक, तपासण्या तुलाच पाळायच्या आहेत. मूळ कागद तुझ्या स्वतःच्या फायलीत हवेत. पहिल्या पानावर एका ओळीत लिहून ठेव: इनव्हेझिव्ह गाठ किती मिलिमीटर, ग्रेड किती, कडा मोकळ्या का, नोड किती काढले आणि त्यांतल्या कितींत कॅन्सर निघाला, ईआर-पीआर-हर-टू काय. यातलं एखादं रिपोर्टमध्ये सापडलं नाही, तर तो रिपोर्ट अपुरा आहे, परत लॅबला पाठवायचा.

ओपीडीला मी तुझ्याबरोबर येते. फाइल मी धरीन, रांगेत मी उभी राहीन. तुकडा फॉर्मलिनमध्ये किती वेळात जाणार आणि क्लिप टाकणार का, हे दोन प्रश्न मात्र तू स्वतःच्या तोंडाने विचार.